झुडपातला बेडूक ओळखायचा तर आधी बॅटरी बंद करा

मृगाचा पाऊस सुरू झाला की माझ्या फोनवर बेडकांचे फोटो येऊ लागतात. आंबोली, चांदोली, कोयना, तिलारी अशा ठिकाणांहून माझे जुने विद्यार्थी पाठवतात. खाली एकच ओळ असते: "मॅडम, हा कोणता?" फोटो बहुतेक वरून काढलेला, फ्लॅश मारलेला. पानावर बसलेला, अंगठ्याच्या पेराएवढा तपकिरी जीव. अशा एका फोटोवरून जातीचं नाव सांगता येत नाही. कुणी झटकन सांगितलं तर मी ते वहीत उतरवून घेत नाही. प्राणिशास्त्र शिकवताना वर्गात जे मला तुकड्यातुकड्यांत सांगावं लागतं, ते इथे सलग लिहिते आहे. पावसाळ्यात घाटात रात्री फिरणाऱ्या, बेडकांबद्दल मनापासून उत्सुक असलेल्या कुणालाही ते उपयोगी पडेल.

मी बोलणार आहे ते झुडपी बेडकांबद्दल, इंग्रजीत ज्यांना बुश फ्रॉग किंवा श्रब फ्रॉग म्हणतात त्यांच्याबद्दल. पश्चिम घाटातले बहुतेक झुडपी बेडूक राओर्केस्टेस या वंशातले (वंश म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींचा गट). थोडे स्यूडोफिलॉटस वंशातले. दोन्ही वंश रॅकोफोरिडी या कुळात येतात. पानांच्या टोकाला फेसाचं घरटं लटकवणारा मलबारी उडता बेडूक, रॅकोफोरस मलबारिकस, याच कुळातला. न्हाणीघराच्या भिंतीला चिकटून बसणारा पॉलिपिडेटिस मॅक्युलॅटसही त्यांचाच भाऊबंद. पण झुडपी बेडकांची एक गोष्ट या दोघांहून फार वेगळी आहे. त्यांच्या आयुष्यात बेडूकमासा नाही. अंड्यातून थेट इवलासा, चार पायांचा बेडूक बाहेर येतो.

ही गोष्ट आधी नीट समजून घ्या. डबकं, ओढा, तळं, कशाचीच गरज नसल्यामुळे हे बेडूक पाण्यापासून दूर, कारवीच्या दाटीत, जांभळाच्या फांदीवर, पाचोळ्यात कुठेही वाढू शकतात. मात्र अंडी सुकू नयेत म्हणून हवेत सतत ओल लागते. काही जाती पाचोळ्यात किंवा ओल्या मातीत अंडी घालतात, काही पानांवर. दक्षिणेकडे राओर्केस्टेस चालाझोडेस नावाचा बेडूक बांबूच्या पेरातल्या चिरेतून आत शिरतो आणि पोकळीत अंडी घालतो. १८७६ मध्ये वर्णन झालेली ही जात त्यानंतर कुणालाच दिसली नव्हती. २०११ मध्ये ती पुन्हा सापडल्याचं जाहीर झालं.

पाण्यापासून सुटका झाली, पण ओलीशी गाठ बांधली गेली. एका डोंगरावरचे बेडूक मधली कोरडी, उष्ण दरी ओलांडून दुसऱ्या डोंगरावर जात नाहीत. लाखो वर्षं असं वेगळं राहिल्यावर प्रत्येक डोंगराची जात निराळी होत जाते. पालघाटची खिंड हे याचं सर्वांत ठळक उदाहरण. तिच्या उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या जाती बऱ्याच अंशी वेगळ्या. केरळ-तमिळनाडूच्या उंच शोला जंगलांत जातींची गर्दी आहे, कारण तिथे उंच शिखरं सुटी सुटी आणि कोरडे महिने कमी. आपल्याकडे, गोव्याच्या उत्तरेला, उन्हाळा लांबतो आणि जातींची संख्या घटते. नवशिक्याला हे सोयीचं आहे. मोजक्याच जातींवर कान आणि डोळे तयार करता येतात.

निघण्यापूर्वी

अभयारण्यात किंवा राखीव जंगलात रात्री जायचं तर वन विभागाची परवानगी काढा. परवानगी नसेल तर गावातल्या रस्त्याच्या कडेची झुडपं, एखाद्या घराचं परसदार, चहाच्या टपरीमागची बांध-कुंपणं पुष्कळ झाली. आंबोलीत मी मुलांना पहिली रात्र कायम वस्तीजवळच देते. जंगलात जायची घाई लागलेल्यांना हे आवडत नाही, पण शिकायला तीच जागा उत्तम.

बूट घासून, धुऊन, पूर्ण वाळवून न्या. एका घाटातली माती दुसऱ्या घाटात नेऊ नका. कायट्रिड नावाची बुरशी बेडकांच्या त्वचेला लागते. जगभरात तिने अनेक जाती संपवल्या आहेत आणि उत्तर पश्चिम घाटातल्या बेडकांवरही ती आढळली आहे. बेडूक त्वचेतून पाणी घेतो, श्वासही घेतो. म्हणून डासांचं मलम लावलेल्या, जळवांसाठी तंबाखू-मीठ चोळलेल्या हातांनी त्याला स्पर्श करू नका. खरं तर कुठल्याच हातांनी करू नका. इथे सांगितलेलं सगळं त्याला न पकडता होतं. झुडपात हात घालून फांदी बाजूला करायची सवयही सोडा. त्याच उंचीवर, त्याच बेडकांच्या आशेने चापडा हा विषारी साप वेटोळं करून बसलेला असतो.

आधी कुळ

नावाच्या मागे लागण्याआधी हा झुडपी बेडूकच आहे ना, ते पाहा. बोटांची टोकं रुंद, गोलसर चकतीसारखी असतात. पण चकत्या दिसल्या म्हणजे काम झालं असं नाही. पाचोळ्यातून लांब उडी मारणाऱ्या इंडिराना बेडकालाही चकत्या असतात. ओढ्यातल्या दगडांवरच्या काही नाइट फ्रॉगनाही असतात. नाइट फ्रॉगच्या डोळ्याकडे पाहिलंत तर बाहुली शंकरपाळ्याच्या आकाराची दिसेल, त्वचा सुरकुतलेली, आणि बसलेला असेल पाण्याजवळ. झुडपी बेडकाची बाहुली आडवी. तो जमिनीपासून वर, पानावर किंवा काडीवर बसून ओरडतो. ओरडताना हनुवटीखाली एकच मोठा, जवळजवळ पारदर्शक फुगा फुगतो. अंगाच्या मानाने तो इतका मोठा असतो की पहिल्यांदा पाहणारा बेडकाऐवजी फुग्याकडेच बघत राहतो. काही जाती जमिनीलगतही राहतात, हे लक्षात असू द्या. केरळात, आनमुडी शिखरावर सापडणारा गडद नारिंगी राओर्केस्टेस रेस्प्लेंडेन्स गवताच्या बुडख्यात राहतो. आपल्याकडे मात्र "झुडपात आहे का" हा प्रश्न बऱ्यापैकी उपयोगी पडतो.

मग कान

आता बॅटरी बंद करा. खरंच बंद करा, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत बोलू नका. पहिल्यांदा सगळा एकच कल्लोळ वाटेल. त्यातून रातकिडे वेगळे काढा. त्यांचा आवाज सलग असतो आणि बऱ्याचदा जास्त तीव्र पट्टीचा. मग डबक्यातले बेडूक वेगळे काढा. ते खालून, एका दिशेने, थव्याने ओरडतात. उरलेले, तुमच्या कमरेच्या किंवा छातीच्या उंचीवरून येणारे सुटे टिकटिक, टर्रर्र, खण्ण असे आवाज, ते झुडपी बेडकांचे. ओरडतात ते नर. मादी गप्प असते, म्हणून ती क्वचितच सापडते.

जाती ओळखायला आवाज सर्वांत भरवशाचा, कारण मादीही नराला आवाजावरूनच ओळखते. रंग चुकीचा असला तर तिचं काही बिघडत नाही. आवाज चुकीचा असेल तर ती त्याच्याकडे जातच नाही. त्यामुळे शेजारी राहणाऱ्या दोन जातींचे आवाज सहसा स्पष्ट वेगळे असतात, अंग कितीही सारखं दिसलं तरी. वायनाडचा राओर्केस्टेस नेरोस्टागोना उंच झाडांवर राहतो. तो दिसायच्या आधी ऐकू येतो, आणि त्याचा आवाज पाण्याचा थेंब पडावा तसा आहे.

ऐकताना तीन प्रश्न स्वतःला विचारा. आवाज एकेक सुटा आहे की जोडून आलेली माळ? माळ असेल तर ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्या वेगाची आहे की हळू सुरू होऊन वाढत जाते? आणि माळेनंतर वेगळा एखादा ठोका येतो का? उत्तरं स्वतःच्या अक्षरांत लिहा. "ट्रीं-ट्रीं", "टक्... टक्टक्", काय वाटेल ते, पण त्या क्षणी. घरी येऊन लिहिलेला आवाज कामाचा नसतो.

फोनवर किमान एक-दोन मिनिटं सलग ध्वनिमुद्रण करा. फोन खिशाला न घासता हातात स्थिर धरा. सुरुवातीला वेळ, जागा आणि तापमान स्वतःच्या आवाजात सांगा. तापमान विसरू नका. बेडूक थंड रक्ताचा, उबदार रात्री त्याची टिकटिक वेगात होते, गार रात्री मंदावते. तापमान न नोंदवता दोन रात्रींच्या वेगाची तुलना केलीत तर एकाच जातीच्या दोन जाती करून बसाल. पुढे ऑडासिटी किंवा रेव्हन लाइटसारख्या मोफत प्रणालीत ती ध्वनिफीत उघडली की आवाजाचं चित्र दिसतं. कानाला एकसंध वाटलेली टर्रर्र त्यात सुट्या ठोक्यांची रांग असल्याचं कळतं. ते ठोके मोजता येतात.

आवाजाच्या मालकाला शोधायचं तर दोघांनी पाचसहा पावलं अंतरावर उभं राहावं. दोघांनी डोळे मिटून, आवाज येतो तिकडे हात करावा. हातांच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे बॅटरी मारायची. एकट्या माणसाला हे फार जड जातं, कारण बेडूक ओरडता ओरडता तोंड फिरवतो आणि आवाज सरकल्यासारखा वाटतो. तो गप्प झाला तर पुढे जाऊ नका. उभे राहा. शेजारचा सुरू झाला की तोही सुरू होतो.

फोटो, पण कामाचा

रंगावर भरवसा ठेवू नका, हे मी वर्गात दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कुणीतरी "मॅडम, हा पट्टेवाला वेगळा आहे" म्हणून येतं. एकाच जातीतला एक साधा तपकिरी, दुसऱ्याच्या पाठीवर फिकट पट्टा, तिसरा ठिपक्यांचा, चौथा मातकट राखाडी. तोच बेडूक संध्याकाळी आणि मध्यरात्री वेगळ्या छटेचा दिसू शकतो.

मग काय टिपायचं? बाजूने एक फोटो: तोंडाचं टोक गोल आहे की टोकदार, डोळ्यामागे कानाचा पडदा स्पष्ट दिसतो की लपलेला, बुबुळाचा रंग. वरून एक: पाठीची त्वचा गुळगुळीत की दाणेदार. पुढच्या पंज्याचा एक आणि मागच्या पंज्याचा एक, बोटांमधले पडदे कुठवर येतात ते दिसेल असा. आणि जमलं तर मांडीच्या आतल्या बाजूचा, जांघेचा. बसलेला असताना तो भाग झाकलेला असतो, पण पाय पसरून चालताना क्षणभर दिसतो, आणि बऱ्याच जातींत तिथले रंग किंवा ठिपके ठरलेले असतात. कर्नाटकच्या घाटांतून २००३ मध्ये वर्णन झालेल्या राओर्केस्टेस ट्युबरोह्युमेरसच्या नराच्या दंडावर गाठीसारखा उंचवटा असतो. फक्त वरून फोटो काढणाऱ्याला तो दिसायचाच नाही.

लांबी मोजायला बेडकाला पट्टीवर ठेवायची गरज नाही. तो निघून गेल्यावर ज्या पानावर बसला होता ते पान मोजा. फोटोत पान आहेच, प्रमाण काढता येतं. ही युक्ती मला आंबोलीच्या एका वाटाड्या काकांनी दाखवली. तेव्हापासून माझ्या पिशवीत शिवणकामाची टेप असते.

आता नाव, आणि नावांचा घोळ

जुनी पुस्तकं किंवा जुने याद्यांचे तक्ते चाळले तर हे सगळे बेडूक फिलॉटस नावाखाली दिसतील. त्याही मागे गेलात तर इक्झालस. गोंधळू नका, बेडूक तेच आहेत. फिलॉटस हा वंश मुळात आग्नेय आशियातला. आपले, श्रीलंकेचे आणि तिकडचे झुडपी बेडूक दिसायला सारखे आणि बेडूकमासा कुणालाच नाही, म्हणून सगळे एकत्र ठेवले होते. जनुकांची तुलना होऊ लागल्यावर कळलं की ही तीन वेगवेगळी घराणी आहेत. खरे फिलॉटस आग्नेय आशियात राहिले. श्रीलंकेच्या गटाला स्यूडोफिलॉटस हे आधीच सुचवलेलं नाव मिळालं. २०१० मध्ये बेडकांचे अभ्यासक एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या बहुतेकांसाठी राओर्केस्टेस हा वंश निर्माण केला, तोही आनमुडीच्या त्या नारिंगी बेडकाचं वर्णन करताना. या नावातले राव म्हणजे बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातले सी. आर. नारायण राव. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिण भारतातल्या बेडकांवर त्यांनी पायाभूत काम केलं. एका शिक्षकाचं नाव एका अख्ख्या वंशाला मिळावं याचा मला फार आनंद आहे.

आज राओर्केस्टेसच्या सत्तरहून अधिक जाती माहीत आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच अलीकडच्या. २००९ मध्ये बिजू आणि बोस्युट यांनी एकाच शोधनिबंधात १२ नव्या झुडपी बेडकांचं वर्णन केलं, २०१४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी आणखी ९, २०२१ मध्ये आणखी ५. प्रत्येक वेळी आवाज, शरीररचना आणि जनुकं तिन्ही एकत्र पाहिली गेली. उलटही घडतं: वेगळ्या वाटलेल्या दोन जाती पुढे एकच ठरतात आणि आधीचं नाव टिकतं.

उत्तर सह्याद्रीत तुमच्यासमोर मुख्यतः तीन नावं येतील. पहिलं राओर्केस्टेस बॉम्बेएन्सिस, १९१९ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ अॅनन्डेलने वर्णन केलेला. नावामुळे मुंबईत शोधू नका. ज्या नमुन्यावरून नाव ठेवलं तो गोव्याच्या सीमेवरच्या कॅसलरॉकचा, आणि तो भाग तेव्हा मुंबई इलाख्यात होता. दुसरं राओर्केस्टेस घाटेई, २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या सह्याद्रीतून वर्णन झालेला. पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे यांच्या सन्मानार्थ ते नाव दिलं गेलं. हे दोन्ही लहान, तपकिरी आणि चिन्हांच्या बाबतीत बेभरवशाचे. फोटोवरून त्यांच्यातला फरक सांगायला मी तयार होत नाही. ध्वनिफीत असेल तर बोलू.

तिसरं स्यूडोफिलॉटस आंबोली, २००९ मध्ये आंबोलीवरून वर्णन झालेला. अंगाने हा थोराड. गंमत त्याच्या वंशाची आहे. स्यूडोफिलॉटसचं मोठं कुटुंब श्रीलंकेत, भारतात जेमतेम काही जाती, आणि जनुकांवरून दिसतं की या भारतीय जातींचे पूर्वज श्रीलंकेतून परत आलेले. पूर्वी समुद्राची पातळी खाली गेली की पाल्कच्या सामुद्रधुनीत जमीन उघडी पडायची. त्या वाटेने आलेल्या बेडकांचे वंशज आज आंबोलीच्या बसस्टँडपलीकडच्या झुडपात ओरडत असतात. आणि त्याच झुडपात, हातभर अंतरावर, राओर्केस्टेसही. बाहेरून पाहून वंश सांगता येईल असं एकही खात्रीचं लक्षण तुमच्या हाती नसतं. म्हणून आंबोलीत तरी मी आवाज ऐकल्याशिवाय वंशाचंही नाव लिहित नाही.

नोंद

माझ्या वहीत प्रत्येक बेडकापुढे नावाचा रकाना सगळ्यात शेवटी आहे. आधी जागा, उंची, वेळ, तापमान, पाऊस किती वेळापूर्वी थांबला, जमिनीपासून किती वर बसला होता, कोणत्या झाडावर, आवाज कसा, फोटोंचे क्रमांक. मग नाव. पुरावा वंशापर्यंतच पोचत असेल तर "राओर्केस्टेस, जात अनिश्चित" असं लिहावं. ही अपुरी नोंद नाही. जागा, आवाज आणि तापमान सोबत असलेली अशी नोंद पाच वर्षांनी कुणी उघडली तर तिचं नाव ठरवता येतं. नुसत्या नावाची नोंद कुणालाच तपासता येत नाही.

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर नोंद टाकताना ध्वनिफीतही जोडा, आणि मर्यादित जागेत राहणाऱ्या जातीचं नेमकं ठिकाण झाकून ठेवा. एखाद्या झुडपाचा ठावठिकाणा पसरला की पुढच्या शनिवारी तिथे कॅमेऱ्यांची रांग लागते आणि पाचोळ्यातली अंडी बुटांखाली जातात. त्या पाचोळ्यातच पुढची पिढी आहे, पाण्यात नाही, हे फोटो काढणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. म्हणून मी गट नेते तेव्हा वाट सोडून एकही पाऊल टाकू देत नाही, बेडूक कितीही जवळ असला तरी.

तुमच्या ध्वनिफितीतला आवाज कुठल्याच ज्ञात आवाजाशी जुळत नसेल, तर त्याच जागी तसाच आवाज पुन्हा मिळतो का ते वेगवेगळ्या रात्री तपासा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या बेडकांवर काम करणाऱ्यांना कळवा. नमुना गोळा करणं, जनुकं तपासणं हे परवानगी असलेल्यांचं काम. तुमचं काम जागा आणि आवाज नेमका पोचवणं.

आणि पुढे कुणी नाव बदललं तर जुनं खोडू नका. शेजारी नवं नाव आणि तारीख लिहा. माझ्या २०१० पूर्वीच्या वह्यांत जिथे जिथे फिलॉटस आहे, तिथे बाजूला हिरव्या शाईत राओर्केस्टेस किंवा स्यूडोफिलॉटस लिहिलं आहे, आणि काही ओळींपुढे अजून प्रश्नचिन्हच आहे, कारण त्या रात्री मी आवाज टिपला नव्हता.